मंगळवारची रात्र कोण भरणार?

मलेशियातल्या कुकुपहून परतलेला माणूस सोमवारी सकाळी ओळखू येतो. मानेवर उन्हाचा पट्टा उमटलेला, बोटांना कोळंबीचा वास आणि डोक्यात धंद्याचा किडा. 'अरे, पाण्यात खांब, खांबांवर फळ्या, फळ्यांवर गाद्या. शनिवारी चाळीस माणसं होती! आपण चौघांनी मिळून असं एक काही टाकायला काय हरकत आहे?' हा प्रश्न मला गणपतीत प्रसादाच्या रांगेत विचारला गेलाय, एमआरटीत विचारला गेलाय आणि एकदा रात्री अकराला फोनवरही. म्हणून उत्तर एकदाच लिहून टाकतो.

मासेमारीचा लॉज फायद्यात चालू शकतो. फक्त तो माशांवर चालत नाही, खाटांवर चालतो. गळ, आमिष, होडी, जिताड्याचे फोटो हे सगळं गिऱ्हाईक दारापर्यंत आणण्यापुरतं. पैसा येतो तो किती खाटा किती रात्री भरल्या यातून, आणि त्या माणसांनी किती खाल्लं-प्यायलं यातून. शनिवारची रात्र कोणीही भरतो. मंगळवारची रात्र कोण भरणार, याचं उत्तर ज्याच्याकडे आहे त्यानेच पुढे जावं.

आधी सिंगापूरच्या हद्दीतलं बोलू, कारण बहुतेकांना तेच हवं असतं: घरापासून अर्ध्या तासावर, डॉलरमध्ये कमाई. केलाँग हा शब्द इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. मूळचा केलाँग म्हणजे समुद्रात निबाँगच्या झाडाचे खांब रोवून केलेला सापळा. खांबांची लांबच लांब ओळ माशांना आत वळवून आणायची, टोकाला जाळं असायचं, रात्री दिवा लावून मासे गोळा करायचे आणि जाळं वर ओढायचं. कोळ्यांच्या राहण्याची झोपडी त्यावरच असायची. लॉजची मूळ कल्पना म्हणाल तर ती तिथेच आहे. असे जुने खांबांवरचे केलाँग आता इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. आज लोक ज्याला सर्रास केलाँग म्हणतात ती जोहोरच्या सामुद्रधुनीतली तरंगती मत्स्यशेती असते: पिंपांवर तोललेला लाकडी तराफा आणि खाली जाळीचे पिंजरे.

अशा शेतीचा परवाना सिंगापूर फूड एजन्सी देते. २०१९ च्या एप्रिलपासून हे खातं तिच्याकडे आलं, त्याआधी ते अ‍ॅग्री-फूड अँड व्हेटरनरी ऑथॉरिटीकडे (एव्हीए) होतं. पण तो परवाना मासे वाढवायचा. पाहुण्यांना रात्री झोपवणं हा वेगळा विषय आहे, आणि त्याबाबत 'शेजारचा करतोच की' या भरवशावर एक फळीसुद्धा ठोकू नका. काय चालेल, काय नाही, ते लेखी विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांबा. पैसे घेऊन माणसं होडीतून न्यायची तर मेरीटाइम अँड पोर्ट ऑथॉरिटीचा परवाना वेगळा. हौसेच्या बोटीचं लायसन्स त्याला चालत नाही. आणि शेतीला स्वतःची दुखणी आहेतच. २०१५ मध्ये सामुद्रधुनीच्या पूर्व भागात शेवाळाचा बहर आला आणि पाचशे-सहाशे टन मासे मेले. ज्यांचा सगळा माल पिंजऱ्यात होता त्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

जमिनीवरही वाट अरुंदच आहे. समुद्राकाठचा फ्लॅट घेऊन गळ टाकणाऱ्यांना दोन-दोन रात्रींसाठी द्यायचा, ही कल्पना बाद करा. खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीने देता येत नाही, एचडीबीचं सरकारी घर सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीने नाही. दंड दोन लाख डॉलरपर्यंत जाऊ शकतो. हॉटेल म्हणून चालवायचं तर हॉटेलचा परवाना, अग्निशमनाची मंजुरी, जमिनीच्या वापराची मंजुरी हे सगळं आलं, आणि ७३५ चौरस किलोमीटरच्या देशात समुद्राकाठची मोकळी जागा तुमच्यासाठी कोणी ठेवलेली नाही.

मग इथे चालतं काय? दिवसाचा, तासावरचा धंदा. उबिन बेटाजवळ स्मिथ मरीनसारखं तरंगतं उपाहारगृह आहे. चांगीहून बंबोटने जा, जेवा, परत या. अह हुआ केलाँगने शेतीतला मासा थेट घरोघरी आणि उपाहारगृहांना विकायची वाट धरली. पण शिकण्यासारखा नमुना हवा असेल तर कोळंबीच्या तळ्यावर एक रात्र घालवा, शक्यतो बाराच्या पुढे.

पत्र्याच्या छपराखाली हिरवट पाण्याचा हौद, कमरेइतका खोल. कडेने प्लास्टिकच्या खुर्च्या. हातात काडीसारखी बारीक काठी, दोऱ्याला दोन बारके गळ, वर बोटाएवढं तरंगणारं बोंडूक. आमिष म्हणजे कोंबडीच्या काळजाचे तांदळाएवढे तुकडे. गोड्या पाण्यातली, लांब निळ्या नांग्यांची मोठी कोळंबी ते तोंडात धरून आधी बाजूला नेते, मग खाते. म्हणून बोंडूक हललं की लगेच ओढायचं नसतं. नवखा ओढतो आणि सुटते. तासाभरात दोन मिळाल्या तरी तो म्हणतो, आता जमतंय, अजून एक तास. मालक मधूनच एक क्रेट आणून पाण्यात उलटा करतो, तो आवाज ऐकून सगळे खुर्च्यांवर सरसावून बसतात. पलीकडे शेगडी आहे, मीठ फुकट, काड्या फुकट, बिअर मात्र विकत.

या धंद्याची गंमत बघा. मालकाला नेमकं माहीत असतं की आज किती किलो कोळंबी पाण्यात टाकली. गिऱ्हाईक मासा विकत घेत नाही, तास विकत घेतं. हिशेब मालकाच्या हातात राहतो, निसर्गाच्या नाही. आणि रात्रपाळी सुटलेले, टॅक्सीवाले, झोप न येणारी कॉलेजची पोरं असं गिऱ्हाईक बुधवारीही येतं. लॉजवाल्याने चोरायची असेल तर ही युक्ती चोरावी: निदान एक तरी मासेमारी अशी ठेवा की जिथे मासा मिळणारच. तराफ्याखालच्या पिंजऱ्यात जिताडे सोडून ठेवायचे, मुलांना तिथे बसवायचं, गळाला लागलेला मासा हवा असेल तर किलोवर पैसे, आणि शिजवून द्यायचे पैसे वेगळे. (मलायमध्ये सियाकाप म्हणतात तो आपला जिताडाच. पेण-अलिबागकडच्या माणसाला इथल्या बाजारात पहिल्यांदा तो दिसला की गहिवरून येतं.)

पण या तळ्यांच्या पायाखालची जमीनही त्यांची नसते. सरकारी जागा ठरावीक वर्षांच्या करारावर मिळते. यीशुनमध्ये लोरोंग चेनचारूवर बॉटल ट्री पार्क होतं, पुढे तिथेच ऑर्टो आलं, कोळंबीची तळी असलेली ती जागा अनेक मराठी घरांच्या वाढदिवसांत आहे. तो सगळा पट्टा आता चेनचारू नावाची नवी वसाहत होण्यासाठी ठरलेला आहे, सुमारे १०,००० घरांची. कराराच्या मुदतीत भांडवल वसूल होत नसेल तर तो धंदा करू नये, हा इथला पहिला नियम.

शिवाय इथे मासेमारी फुकट आहे हे विसरू नका. ईस्ट कोस्टची बेडोक जेट्टी २५० मीटर लांब आहे, तिथे दोन काठ्या, हवेच्या पंपाची बादली आणि ट्रॉलीला बांधलेली छत्री घेऊन बसलेले अंकल रोज दिसतील. जलाशयांवरही ठरवून दिलेल्या जागी कृत्रिम आमिषाने गळ टाकता येतो. तिथे आपल्या मरळीचा दांडगा भाऊ तोमान लागतो. म्हणजे केवळ 'इथे मासे धरता येतील' यासाठी कोणी तुम्हाला पैसे देणार नाही. पैसे मिळतात ते बायको-मुलांसह रात्र काढता येईल, स्वच्छ संडास असेल आणि मासा नाही लागला तरी जेवण लागेल, यासाठी.

म्हणून लॉजची गोष्ट सीमेपलीकडे जाते. कुकुप, जोहोरच्या नैऋत्य टोकाचं, खांबांवर वसलेलं गाव; बिंतानचा त्रिकोरा किनारा; पूर्वेला मर्सिंगसमोरचं सिबू बेट; आणि सेलफिशसाठी पाहांगचं रोम्पिन. इथे एक गोष्ट नवशिके हमखास चुकतात, ती म्हणजे पंचांग. सिंगापूरच्या शाळांची सर्वांत मोठी सुट्टी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असते. नेमका तेव्हाच ईशान्य मोसमी वारा मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर आदळत असतो आणि तो मार्चपर्यंत हटत नाही. सिबूला होड्या बंद, रोम्पिनला समुद्र खवळलेला. म्हणजे कुटुंबं मोकळी असतात तेव्हा तुमचं दुकान बंद, आणि सेलफिशच्या दिवसांत पोरं परीक्षेला बसलेली. कुकुप मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या आडोशाला आहे, समोर कुकुप बेटाचं खारफुटीचं रान आहे. तिथे मोठा मासा नाही, पण वर्षभर धंदा आहे. मला विचाराल तर मी सेलफिश सोडेन आणि डिसेंबर घेईन.

आता हिशेब. आकडे माझ्या मनाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला, पण रीत हीच ठेवा. समजा आठ खोल्या आहेत, चोवीस माणसं मावतात. माणशी एका रात्रीचे, जेवण आणि गळासकट, ६० सिंगापूर डॉलर. पावसापाण्याची आणि परीक्षांची कपात करून वर्षात ८० रात्री शनिवार-रविवारच्या गर्दीच्या मिळाल्या आणि त्या प्रत्येक रात्री वीस माणसं आली, तर १,६०० माणसं. उरलेल्या दिवसांपैकी २०० रात्री सरासरी तीन माणसं, म्हणजे ६००. एकूण २,२००, जमा १,३२,००० डॉलर. छान वाटतं.

खर्च मांडा. जेवणाचा माणशी १८ धरला तर ३९,६००. चार माणसांचा पगार, दरमहा प्रत्येकी ७००, म्हणजे ३३,६००. जागेचं भाडं १८,०००. होडी आणि डिझेल १२,०००. लाकडाची दुरुस्ती १५,०००, आणि हा आकडा वाचताना हसू नका, खाऱ्या पाण्यात लाकूड कुजतं, शंखशिंपले चढतात, किडा आतून पोखरतो, वरून फळी शाबूत दिसते आणि एक दिवस गिऱ्हाइकाचा पाय आत जातो. परवाने, विमा, बुकिंगवाल्यांचं कमिशन १०,०००. बेरीज १,२८,२००. शिल्लक ३,८००.

समजा, सुरुवातीला दोन लाख डॉलर घातले असतील, तर वर्षाला ३,८०० म्हणजे दोन टक्केही नाहीत. पीआर असाल तर सीपीएफच्या, म्हणजे इथल्या भविष्यनिर्वाह निधीच्या, साध्या खात्यात काही न करता अडीच टक्के मिळतात, आणि तिथे फळीतून कोणाचा पाय जात नाही.

आता याच हिशेबात फक्त एक बदल करा. वर्षातल्या चाळीस मधल्या रात्रींना बारा-बारा माणसं जास्त आणा. ४८० माणसं झाली. पगार तोच, भाडं तेच, जेवण वजा जाता माणशी ४२ उरतात. २०,१६० डॉलरची भर पडते आणि शिल्लक २३,९६० वर जाते, म्हणजे बारा टक्के. सगळा नफा या चाळीस रात्रींत आहे. बाकीच्या रात्री तुम्ही गावाचं, डिझेलवाल्याचं आणि सुताराचं पोट भरता.

या चाळीस रात्री भरायच्या कशा? कंपन्यांची शिबिरं हा एक मार्ग. मराठी माणूस इथे आयटीत आणि बँकांत खच्चून भरलाय, त्याच्या टीमला वर्षातून दोनदा कुठेतरी 'बाँडिंग'ला जायचं असतंच. निवृत्त हौशी लोक हा दुसरा. बेडोक जेट्टीवरच्या त्या अंकलला मासेमारीचे पैसे मागू नका, त्याला तुवासपासून नेण्या-आणण्याची सोय विका, आणि वर्षाची सभासद-वर्गणी घेऊन मधल्या वारी स्वस्तात खाट द्या. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन १९५५ पासून सभासदांच्या जिवावर उभी आहे. आधी घेतलेली वर्गणी ही लहान धंद्याची खरी भांडवली रक्कम, हे लॉजवाल्यांना का सुचत नाही कोण जाणे.

मासा हाच एकमेव आधार ठेवला की काय होतं, त्याचं उदाहरण आपल्या देशातच आहे. कर्नाटकात कावेरीकाठी भीमेश्वरी, गालीबोरे, दोड्डमाकळी इथे सरकारी जंगल लॉजेसचे मासेमारीचे तळ होते. महसीर धरायला थेट ब्रिटनहून माणसं यायची, मासा तोलायची, फोटो काढायची आणि सोडून द्यायची. पण हा नदीचा पट्टा अभयारण्याचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गळ टाकणं हीसुद्धा शिकारच, अशी भूमिका केंद्राने घेतली आणि २०१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिथली मासेमारी थांबली. महसीरसाठी येणारे यायचे बंद झाले. भीमेश्वरीचा तळ मात्र आजही चालू आहे: कयाक, दोरीवरून घसरणं, पक्षी, नदीकाठची झाडं. खाटा होत्या, झाडं होती, स्वयंपाकघर होतं, म्हणून तो वाचला.

कायद्याच्या दोन-तीन गोष्टी, ज्या चहाच्या टपरीवर कोणी सांगत नाही. मलेशियात परकीयाला मालमत्ता घ्यायला किमान किमतीची अट असते, ती राज्यागणिक वेगळी, आणि मलय राखीव जमीन तर मिळतच नाही. इंडोनेशियात परकीयाला 'हाक मिलिक', म्हणजे पूर्ण मालकी, मिळत नाही. तेव्हा 'माझ्या मेव्हण्याच्या नावावर करू' असं कोणी गोड बोललं की समजा, पैसे तुमचे आणि लॉज मेव्हण्याचा. त्यापेक्षा चालत्या केलाँगवाल्याशी करार करा: जागा त्याची, गिऱ्हाईक तुमचं.

सिंगापुरातल्या पासचंही बघा. एम्प्लॉयमेंट पास ज्या कंपनीने काढला, काम तिचंच करायचं. बाजूला धंदा चालवता येत नाही. 'मी नोकरी करते, नवरा डिपेंडंट पासवर आहे, तो बघेल' हे मे २०२१ पासून सोपं राहिलेलं नाही. डिपेंडंट पासवाल्याला स्वतःचा धंदा करायचा तर किमान ३० टक्के मालकी लागते आणि ठरलेल्या पगारावर, सीपीएफ भरून, निदान एक स्थानिक माणूस नोकरीला ठेवावा लागतो. या अटी बदलत असतात. पैसे घालण्याआधी मनुष्यबळ मंत्रालयाच्या चालू अटी वाचा.

ज्यांच्या डोक्यात सिंगापूरपेक्षा देवबाग-तारकर्ली आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. आजोळचं घर असेल तर तुम्ही अर्धी लढाई जिंकलात, कारण परदेशी राहणाऱ्याला शेतजमीन वारशाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. भरतीरेषेजवळ नवं बांधकाम करायचं असेल तर सीआरझेडचा नकाशा आधी, नारळ नंतर. आहे त्या घरात चार खोल्या काढून राज्याच्या पर्यटन खात्याच्या न्याहारी व निवास योजनेत नोंदवणं हा सगळ्यात कमी डोकेदुखीचा मार्ग. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, तेव्हा ते दोन महिने हिशेबातून काढून टाका आणि खाडीकाठी पावसाळा बघायला येणारं गिऱ्हाईक वेगळं शोधा. ते असतं. ते मासे धरायला नाही, खायला येतं.

मी स्वतः लॉज कधी काढला नाही, पण एकदा सोळा जणांसाठी दोन रात्रींचा अख्खा केलाँग भाड्याने घेतला होता. आगाऊ रक्कम माझ्या खिशातून, वसुली नंतर, मराठी माणसाच्या भिडस्तपणाला साजेशी. गुरुवारी सहा जण गळले. एकाचं मूल आजारी, दोघांची मीटिंग, तिघांना अचानक आठवलं की श्रावण आहे. भरलेले पैसे कोणी परत देत नाही, आणि का द्यावेत? त्या दोन रात्रींत मला जो हिशेब कळला तो कुठल्या पुस्तकात मिळाला नसता. म्हणून म्हणतो, बांधण्याआधी भाड्याने घ्या. वर्षभरात असे दहा गट न्या, पैसे आधी घ्या, प्रत्येक वेळी किती गळतात, किती परत येतात आणि रविवारी दुपारी बिल देताना कोणाचा चेहरा कसा असतो ते वहीत लिहा. त्यातले चार गट तरी मधल्या वारी नेऊन दाखवा. नाही जमले तर तुम्हाला लॉज नाही, सहली काढायची हौस आहे, आणि त्यात काही वाईट नाही.

एवढं करूनही मन मागे हटत नसेल, तर जी जागा तुम्ही हेरली आहे तिथे एका मंगळवारी, सुट्टी नसलेल्या आठवड्यात, मुक्कामाला जा. रात्री नऊ वाजता होडीतून जरा लांब जाऊन आजूबाजूच्या सगळ्या लॉजांच्या किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. तो आकडा घेऊन मला फोन करा, पण रात्री अकराच्या आधी.